फ्रिजमधली न संपणारी बाटली

बसा हो, घाई कसली? चहा अजून उकळतोय. तोवर एक सांगून टाकतो. मला एके काळी शास्त्रज्ञ व्हायचं होतं, आणि अगदी थोडक्यात राहिलं. कसं राहिलं ते ऐका. हसायचं तर खुशाल हसा, पण मलाच हसा. दातार काकूंना हसलात तर चहा मिळणार नाही, आधीच बजावून ठेवतो!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. तीन मजल्यांची इमारत, आमचा मजला मधला, आणि त्या अख्ख्या मजल्यावर फ्रिज एकच. दातार काकूंचा! मोठ्या मुलाला बडोद्याला नोकरी लागली तेव्हा त्यानं आईला घेऊन दिलेला. वर क्रोशाचं झाकण, हँडलला रुमाल, आणि उघडायचा तर हात धुऊन.

पण मजल्याला कधी 'नाही' नव्हतं हं. कुणाच्या बर्फाचा ट्रे, कुणाच्या आजोबांची इन्सुलिनची बाटली, कुणाच्या मुंजीचं उरलेलं श्रीखंड, सगळं तिथेच. नियम एकच: अंडं-मांसाचं नाव काढायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या एका नव्या सूनबाईंनी एकदा भाजीच्या पिशवीतून दोन अंडी आत सरकवली, तर काकूंनी फ्रिज रिकामा करून पुसून काढला आणि वर गोमूत्र शिंपडलं. बिचाऱ्या फ्रिजला पुढे आठवडाभर वास येत होता.

आता माझं बघा. नुकताच बी.एस्सी. झालेलो. विषय सूक्ष्मजीवशास्त्र! नातेवाइकांना वाटायचं, हा जंतुनाशक औषधं विकतो. प्रत्यक्षात मी जंतूच विकत होतो.

म्हणजे झालं काय, मला अंधेरीला डॉक्टर सामंतांकडे नोकरी लागली. सामंत म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर, मूळचे मालवणचे. औद्योगिक वसाहतीत त्यांचा एक गाळा होता. पुढे टेबल-खुर्ची, मागे प्रयोगशाळा. त्यांच्या डोक्यात एक कल्पना बसली होती. त्या वेळी ब्रॉयलरचा, म्हणजे खाण्यासाठी वाढवतात त्या पांढऱ्या कोंबड्यांचा, धंदा जोरात सुरू झाला होता. पिल्लांना जरा ढाळ लागले की पोल्ट्रीवाला पाण्यात अँटिबायोटिकची पूड ओतणार. त्यानं वाईट जंतू मरायचे, आणि त्यांच्याबरोबर पोटातले चांगले जंतूही मरायचे. मग खाल्लेलं अंगी लागायचं नाही. सामंत म्हणायचे, "मोने, मारणारे पुष्कळ आहेत. आपण चांगले जंतू परत घालूया."

आज हे प्रोबायोटिक वगैरे शाळेतली पोरंसुद्धा बोलतात. तेव्हा मी तो शब्द एखाद्या पोल्ट्रीत उच्चारला की लोक मला प्यायला पाणी आणून द्यायचे. एक शेठ तर म्हणाले, "आम्ही जंतू मारायला औषध घेतो आणि तू आम्हाला जंतूच विकतोस? सकाळपासून भेटलं नाही का कोणी?"

मला या विकण्याचा मनस्वी कंटाळा. माझा डोळा होता मागच्या प्रयोगशाळेवर. तिथे सहायकाची एक जागा रिकामी होती. पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक, नळ्या, पंखा! सामंत म्हणाले, "बोरिवलीच्या दामूनानांच्या शेडवर एक प्रयोग यशस्वी करून दाखवा, जागा तुमची." बस्स! मला रात्रंदिवस तो कोट दिसायला लागला. आईनं तर सगळ्या मावश्यांना कळवूनही टाकलं की अविनाश आता लॅबमध्ये असतो.

प्रयोग सोपा होता. शेडच्या मधोमध जाळी. एका बाजूच्या पिल्लांना पाण्यातून आमचे जंतू, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. जंतू होते मोठ्या तोंडाच्या एका काचेच्या बाटलीत. सामंतांनी ते एका ठणठणीत गावठी कोंबडीच्या आतड्यातून काढून दुधात वाढवले होते. दिसायला अगदी दह्यासारखे, वासही आंबूस. मात्र थंड ठेवायला हवेत, नाहीतर मरतात. आणि गाळ्यातला फ्रिज दर दोन दिवसांनी रुसायचा.

"मोने, तुमच्या घरी फ्रिज आहे?" सामंतांनी विचारलं.

"आहे ना!" मी छाती पुढे काढून म्हणालो. आता मजल्यावर फ्रिज असला म्हणजे घरीच नाही का?

संध्याकाळी बाटली घेऊन काकूंच्या दारात उभा राहिलो. काय सांगू? कोंबडीच्या आतड्यातलं आहे, जरा श्रीखंडाशेजारी ठेवता का?

"काय रे अवि, काय आणलंस?"

"विरजण!" तोंडातून निघून गेलं. "म्हणजे, आमच्या साहेबांचं खास विरजण आहे. थंड ठेवायचं असतं. मी लागेल तसं काढून नेईन."

काकूंनी बाटली उजेडात धरून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेव. खालच्या फळीवर, डाव्या हाताला."

हुश्श! घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आईचा चेहरा पडला. "अरे, त्यांच्या सोवळ्यातलं सगळं असतं त्यात!" मी म्हटलं, "आई, शास्त्रासाठी थोडं खोटं बोलावं लागतं." काय ते वाक्य! आज माझा मुलगा असं बोलला असता तर त्याच्या पाठीत धपाटा घातला असता.

मग सुरू झाल्या बोरिवलीच्या फेऱ्या. पहाटे काकूंकडे जायचं, बाटलीतलं थोडं थर्मासमध्ये ओतायचं आणि दोन बस बदलून दामूनानांची शेड गाठायची. दामूनाना जातीचे कोळी. पूर्वी सुकी मासळी कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकायचे. मग त्यांच्या मनात आलं, दुसऱ्याच्या कोंबड्या कशाला पोसायच्या, आपल्याच पाळू.

"ये रं जंतूवाल्या, आयलास?" लांबूनच हाक यायची.

तिथे माझं काम काय? तर पाण्यात जंतू मिसळायचे आणि मग उकिडवं बसून कोंबड्यांची शीट निरखायची. घट्ट की पातळ, रंग कसा, खाली पसरलेलं भाताचं तूस कोरडं की ओलं. बाबांनी फी भरून मला शिकवलं ते हे बघायला! पण खरं सांगतो, मन लावून बघायचो. आणि काय आश्चर्य! आमच्या बाजूची पिल्लं खरंच सुधारली. तूस कोरडं, डोळ्यांत झोंबणारा तो वास कमी, पिल्लं टणाटण उड्या मारतायत. दामूनाना खूश होऊन म्हणाले, "तुजे जंतू लय गुणाचे हायत रं!" मला कोटाची बटणंसुद्धा दिसायला लागली.

आणि याच सुमारास मला एक चमत्कार दिसला. बाटली संपत नव्हती!

मी प्रत्येक फेरीला तिच्यातून भरपूर काढत होतो. पुढच्या वेळी बघावं तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली. आता तुमच्यासारखा साधा माणूस काय म्हणाला असता? कुणीतरी भरतंय म्हणाला असता. पण मी पडलो बी.एस्सी. पहिला वर्ग! मी म्हटलं, जंतू वाढतायत! थंडीत वाढणारे जंतू! जगात कुणाला ठाऊक नाहीत असे!

त्यातून एक दिवस मी नेहमीपेक्षा जरा लवकर गेलो आणि बघतो तर काय, काकू त्या बाटलीत चमचा घालून उभ्या! एक चमचा काढला आणि शांतपणे कोमट दुधात घातला.

"काकू, हे... हे काय करताय?"

"विरजण लावतेय. तूच म्हणालास ना विरजण आहे म्हणून? छान लागतं हो दही. परवा सत्यनारायणाच्या पंचामृतातही हेच घातलं होतं."

तुम्हाला ठाऊक आहे ना, तेव्हा विरजण म्हणजे घरोघरी फिरणारी गोष्ट होती. कुणाचं दही बिघडलं की वाटी घेऊन शेजारी जायचं. काकूंकडून शेजारच्या नेन्यांकडे, नेन्यांकडून वरच्या मजल्यावर जोश्यांकडे. म्हणजे कोंबडीच्या आतड्यातले जंतू एव्हाना सगळ्या इमारतीच्या पोटात पोचले होते, आणि वर सत्यनारायणाच्याही! मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. त्या आठवड्यात मी दहीभाताला हात लावला नाही. जिन्यात कुणी खोकलं तरी मला घाम फुटायचा. पण कुणालाच काही झालं नाही. उलट नेने आजोबा म्हणाले, "हल्ली पोट कसं साफ राहतं!"

आणि तरी माझं डोकं कुठे चाललं होतं माहीत आहे? मी काढतोय, काकू काढतायत, अर्धी इमारत नेतेय, आणि तरी बाटली भरलेली. म्हणजे जंतू किती जोमदार असतील!

मग मी कळस केला. कॉलेजातल्या एका मित्राकडे जाऊन बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सामंतांचे जंतू काडीसारखे लांब होते. इथे काड्यांबरोबर गोल गोलही दिसत होते, मण्यांच्या माळेसारखे. मी खुर्चीत बसलोच. जंतूंनी रूप पालटलंय! नवी जात सापडलीय! घरी येईपर्यंत मी तिला माझं आडनावसुद्धा देऊन टाकलं होतं. 'मोने' हे लॅटिनमध्ये कसं दिसेल याचा विचार करत मी दोन स्टॉप पुढे उतरलो.

दुसऱ्या दिवशी सामंतांना सांगितलं. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"बाटली आपोआप भरते?"

"हो सर."

"फ्रिजमध्ये?"

"हो सर. आणि गोल झालेत."

"मोने, मला तो फ्रिज बघायचाय. रविवारी येतो."

वाट लागली ना! फ्रिज माझ्या घरी नाही, आणि ज्यांच्या घरी आहे त्यांना बाटलीत काय आहे ठाऊक नाही. रविवार येईपर्यंत मी रोज देवळात जात होतो. काकूंना खरं सांगावं, तर सोवळं मोडल्याचं पाप. साहेबांना खरं सांगावं, तर जागा गेली. मी दोघांनाही काही सांगितलं नाही. तेवढीच अक्कल होती.

रविवारी सामंत आले. मी त्यांना थेट काकूंकडे नेलं आणि 'आमच्या काकू' एवढंच म्हणालो. आईही मागोमाग येऊन दारात उभी राहिली. तिचा चेहरा असा की हसू दाबतेय की रडू, कळेना. काकूंनी साहेबांना पाट दिला, दहीपोहे दिले. सामंतांनी एक घास घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"वा! दही फारच सुरेख आहे हो."

"अविच्या त्या बाटलीतलंच," काकू म्हणाल्या.

सामंतांचा घास हातातच राहिला. मी डोळे मिटून घेतले. सामंत सज्जन माणूस, पण त्यांना गप्प बसता येत नसे. "बाई," ते गडबडून म्हणाले, "त्या बाटलीत कोंबडीच्या आतड्यातले जंतू आहेत! यानं तुम्हाला सांगितलं नाही?"

झालं! आता काकू किंचाळणार, ताटली आपटणार, फ्रिज जिन्यातून खाली जाणार आणि त्याच्या मागोमाग मी. मी एक डोळा हळूच उघडला. काकू सावकाश पदरानं हात पुसत होत्या.

"होते," त्या म्हणाल्या. "पहिल्या संध्याकाळपर्यंत होते. याच्या आईनं रात्री येऊन सांगितलं मला. तिला खोटं पचत नाही. मग मी बाटली मोरीत रिकामी केली, राखेनं घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि माझं दही भरून ठेवलं. हा नेतो, मी भरते. कमी झालं की भरायचं, विरजणाची बाटली काही रिकामी ठेवत नाहीत."

मी आईकडे बघितलं. आई छताकडे बघत होती.

"पण काकू, मला सांगायचं ना!" मी कसाबसा म्हणालो.

"काय सांगायचं? तू दारात उभा राहून खोटं बोललास. मुलगा लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. त्याला खोटा कसा पाडू? म्हटलं, तो विरजण म्हणालाय ना, मग आपण विरजणच करून टाकू. त्याचं खोटं खरं झालं, माझ्या फ्रिजचं सोवळंही राहिलं."

मग सामंत हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग दहीपोह्यांची ताटली. हसता हसताच ते माझ्यावर घसरले. रागावले की ते मालवणीवर यायचे.

"मेल्या, डोक्यां खंय ठेवलंस? बाटली आपोआप भरता म्हणान सांगतंस? घरच्या दह्यात गोल जंतू असतंत ह्यां तुका कालेजात कोणी शिकवल्यान नाय?"

शिकवलं होतं हो! पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहिलंही होतं!

म्हणजे एवढे आठवडे दामूनानांच्या शेडमधल्या कोंबड्या दातार काकूंच्या घरच्या दह्यावर वाढत होत्या. आणि मी तिथे उकिडवं बसून शास्त्राचा विजय बघत होतो.

पांढऱ्या कोटाचं विचारू नका. जाताना जिन्यात सामंत माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मोने, नोकरी पक्की समजा. पण बाहेरचीच हां. लॅबमध्ये मला जंतू ओळखणारा माणूस हवा." मला वाईट वाटलं. खूप वाटलं. त्या रात्री आईशी बोललो नाही. तिनं मावश्यांना काय कळवलं तेही विचारलं नाही. पुढे सगळी नोकरी मी पिशवी घेऊन पोल्ट्र्या पालथ्या घातल्या, आणि आता मागे वळून बघताना वाटतं, तेच बरं झालं. खोलीत कोंडून घेतलं असतं तर इतकी माणसं भेटली नसती.

पण गंमत पुढेच आहे. सामंतांचा हुकूम आला की पिल्लांना मध्येच काही बदलायचं नाही, आता ही खेप दह्यावरच पुरी करायची. दामूनानांना मी सगळं खरं सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग त्या काकूला सांग, माज्या कोंबड्यांना तिचाच दही पायजे!" झालं! मी राजरोस काकूंचं दही बोरिवलीला पोचवू लागलो.

आणि काकू गुंतल्या. एकदा कुणाच्या तोंडात घास घातला की काकू, मग तो माणूस असो, मांजर असो, चौकशी करायच्याच. मी परत आलो की जिन्यातच प्रश्न.

"कशा आहेत रे कोंबड्या?"

"बऱ्या आहेत काकू."

"पोट ठीक आहे ना? दही फार आंबट नव्हतं ना?"

एक पिल्लू लंगडतंय असं मी चुकून बोलून गेलो, तर त्याची रोज विचारपूस. गार वारं सुटलं की "त्यांना पांघरायला काही असतं का रे?" मी म्हणायचो, दिवे लावतात. तेवढ्यानं त्यांना बरं वाटायचं. त्या कोंबड्या कशासाठी वाढवतात हे त्यांनी कधी विचारलं नाही. अंड्यांसाठी असतील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मीही ते तसंच राहू दिलं.

मग एक दिवस मी गेलो तर शेड रिकामी. दामूनाना झाडून घेत होते, तुसाचे ढीग बाहेर पडलेले. कोंबड्या मोठ्या झाल्या होत्या, व्यापारी पहाटे गाडी घेऊन आला होता. हे होणारच होतं. मीच त्या धंद्यातला. पण भरलेला थर्मास हातात घेऊन मी तिथे कितीतरी वेळ उभा राहिलो. ते दही मग दामूनानांनीच खाल्लं.

संध्याकाळी मी चोरपावलांनी जिना चढलो. पण काकूंचं दार उघडंच होतं.

"आलास? कशा आहेत रे?"

मी चप्पल काढत बसलो. पट्टा काही केल्या सुटेना.

"काकू, त्या... त्या गावाला पाठवल्या. दामूनानांच्या शेतावर. मोठी जागा आहे तिथे, मोकळ्या फिरतात दिवसभर. ते लंगडं पिल्लूसुद्धा."

काकूंनी माझ्या हातातला रिकामा थर्मास घेतला, मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला. मग माझ्यासमोर येऊन बसल्या. डोळे भरलेले होते.

"अवि," त्या म्हणाल्या, "हे खोटं मला नाही रे खरं करता येणार."